तीन गिटार, तीन वाटा : 'द बेंड्स' काही महिने मुरवल्यानंतर

'द बेंड्स' हा रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचा दुसरा अल्बम, मार्च १९९५ मधला. म्हणजे नवीन असं यात काही नाही. पण पावसाळ्याच्या तोंडावर मी याची तबकडी घेतली आणि तेव्हापासून घरात दुसरं फारसं काही वाजलेलं नाही. २०१६ मध्ये एक्सएल रेकॉर्डिंग्सने बँडच्या जुन्या अल्बमच्या तबकड्या पुन्हा काढल्या, त्यातली ही प्रत. दोन दिवस ऐकून कौतुक करणं सोपं असतं. मला बघायचं होतं की रोजच्या वापरात कोणती गाणी टिकतात आणि कोणती आठवडाभरात विटतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. हे पाचजण इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरचे, अ‍ॅबिंग्डनच्या एकाच शाळेतले. गायक आणि गिटारवाला थॉम यॉर्क, ग्रीनवूड बंधूंपैकी जॉनी गिटारवर आणि कॉलिन बेसवर, तिसरा गिटारवाला एड ओब्रायन, ड्रमवर फिलिप सेलवे. पहिला अल्बम 'पाब्लो हनी' १९९३ च्या फेब्रुवारीत आला. चिपिंग नॉर्टनच्या स्टुडिओत साधारण तीन आठवड्यांत उरकलेलं काम होतं ते. त्यातल्या 'क्रीप'ने बँडला जगभर नेलं आणि तिथेच अडकवूनही ठेवलं. लोक त्या एका गाण्यासाठी यायचे, ते झालं की निघायचे.

पहिला अल्बम आजही मी अधूनमधून लावतो. वाईट नाही, पण त्यात तीन गिटार आहेत असं कान सांगत नाहीत. तिघंही बहुतेक वेळ तीच कॉर्ड, त्याच ठोक्यावर, आवाज चढवून वाजवतात. त्या काळच्या अमेरिकन ग्रंज रॉकची सावली स्पष्ट आहे : कडवं हळू, ध्रुवपदात भडका. 'द बेंड्स'मध्ये खरा बदल झाला तो इथे. तिघांनी वाटा वेगळ्या केल्या. एकजण गाण्याचा सांगाडा धरतो, दुसरा घोंगावणारे, लांबत जाणारे सूर सोडतो आणि जॉनी गप्प बसून असतो, मग नको तिथे येऊन ओरखडा काढून जातो. दुसऱ्या अल्बमवर बँड 'प्रगल्भ झाला' असं सगळेच लिहितात. मला त्यापेक्षा एवढंच म्हणायचंय की कधी वाजवायचं नाही, हे या तिघांना कळलं.

पहिलंच गाणं 'प्लॅनेट टेलेक्स' ऐका. सुरुवातीला गिटारच नाही. प्रतिध्वनीत भिजवलेला पियानो येतो, खाली ड्रमचा फिरता तुकडा, तोही त्यांच्याच 'किलर कार्स' या दुसऱ्या गाण्यातून उचललेला. गिटार येतात तेव्हा खोलीचं दार उघडल्याचा भास होतो. 'पाब्लो हनी'च्या बँडला हे सुचलं नसतं.

याचं बरंचसं श्रेय निर्माता जॉन लेकीला जातं. 'द स्टोन रोझेस' या बँडचा गाजलेला पहिला अल्बम त्याचाच. १९९४ च्या सुरुवातीला लंडनच्या आरएके स्टुडिओत काम सुरू झालं तेव्हा ईएमआय या रेकॉर्ड कंपनीला 'क्रीप'सारखं आणखी एक हिट लवकर हवं होतं, आणि त्या दडपणाखाली बँड काही काळ चाचपडतच होता. मध्ये दौऱ्यावर गेले, गाणी लोकांसमोर वाजवली, मग परत येऊन 'द मॅनर' स्टुडिओत उरलेलं भराभर झालं. दौऱ्यावर घासूनपुसून आलेली गाणी कोणती असावीत, असा खेळ मी अजूनही ऐकताना खेळतो.

मात्र मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवण्याचं काम, बहुतांश शॉन स्लेड आणि पॉल कोल्डरी या अमेरिकन जोडीने केलं, म्हणजे 'पाब्लो हनी'च्याच निर्मात्यांनी. त्यामुळे आवाज झळझळीत आहे, काही ठिकाणी गरजेपेक्षा जास्त. स्वस्त इअरफोनवर 'बोन्स' आणि 'सल्क'मधल्या झांजा कानाला टोचतात आणि कॉलिनचा बेस मागे कुठेतरी राहतो. बऱ्या स्पीकरवर किंवा कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर तो नीट सापडतो. बसमध्ये मोबाइलवर ऐकून कुणी या अल्बमबद्दल मत बनवू नये.

आता टिकाऊपणाकडे. सगळ्यात लवकर विटलं ते 'हाय अँड ड्राय'. पहिल्या आठवड्यात तेच गुणगुणत होतो, महिन्याभरात सुई उचलायला लागलो. गंमत म्हणजे ते मुळात १९९३ चं डेमो, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, जुनंच उचलून अल्बमवर ठेवलेलं. हे माहीत नसलं तरी बाजूच्या गाण्यांत ते उपरं वाटतं : गोड, गुळगुळीत, पण बाकी अल्बम जिथे चाललाय तिथे ते येत नाही. 'सल्क'ही मला जड जातं. इंग्लंडमधल्या हंगरफर्डच्या १९८७ मधल्या गोळीबारावरून सुचलेलं गाणं, विषय भयंकर, चाल मात्र ठरावीक रॉकची.

उलट 'फेक प्लास्टिक ट्रीज' वापराने वाढतच गेलं. लंडनमध्ये अमेरिकन गायक जेफ बकलीचा कार्यक्रम ऐकून आल्यावर यॉर्कने हे एकट्याने अकूस्टिक गिटार घेऊन गायलं आणि बाकी वाद्यं नंतर त्याभोवती बसवली, असं सांगितलं जातं. ऐकताना ते पटतं, कारण लय गळ्याच्या मागे चालते. आपल्याकडे भावगीतात जाणता तबलजी गायकाचा श्वास बघून ठेका सैल सोडतो, तसं सेलवे इथे वाजवतो. मागे जॉनीचा हॅमंड ऑर्गन आणि व्हायोलिन-चेलो इतके हळू येतात की ते नेमके कुठे सुरू झाले, हे मला अजून पकडता आलेलं नाही. यॉर्कचा गळाही इथे बदललाय. पहिल्या अल्बमवर तो ओरडून भावना पोचवायचा, इथे वरच्या पातळ आवाजात सरकतो आणि तिथेच थांबतो.

'जस्ट' हे पाहुण्यांना ऐकवायचं गाणं. जॉनीची गिटार पायऱ्या चढत जाते, थांबेल असं वाटतं तिथून पुढे आणखी एक मजला चढते. पुढचं 'माय आयर्न लंग' जास्त कडू. आयर्न लंग म्हणजे पोलिओच्या रुग्णांना श्वास देणारं ते जुनं लोखंडी यंत्र. इथे ते यंत्र म्हणजे 'क्रीप' : त्याच्यावरच जगायचं आणि त्यातच कोंडून पडायचं. वाद्यांचा भाग लंडनच्या अ‍ॅस्टोरियातल्या मे १९९४ च्या जाहीर कार्यक्रमातला आहे, गळा नंतर स्टुडिओत पुन्हा घातला. आपल्याच हिट गाण्यावर इतकं चिडून इतकं चांगलं गाणं करणारे थोडेच.

'बुलेटप्रूफ' मात्र मला फार उशिरा सापडलं. दिवसा ते ऐकूच येत नाही. रात्री रस्त्यावरची वाहनं कमी झाली की मागचे किरकिरणारे, पाण्याखालून आल्यासारखे गिटारचे आवाज वर येतात. आणि 'ब्लॅक स्टार'बद्दल एक गोष्ट : लेकी त्या दिवशी नव्हता, म्हणून ते त्याच्या हाताखालच्या नायजेल गॉडरिच या तरुण इंजिनिअरने रेकॉर्ड केलं. तोच पुढे १९९७ च्या 'ओके कॉम्प्युटर'पासून बँडचा कायमचा निर्माता झाला. २०१५ मध्ये जॉनी जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात इस्रायली संगीतकार शाय बेन त्झूर आणि राजस्थानी कलावंतांबरोबर 'जुनून' हा अल्बम करत होता, तेव्हाही यंत्रांमागे गॉडरिचच होता. तो अल्बम स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण ऐकला नसेल तर ऐकाच.

तबकडीच्या तक्रारी थोडक्यात. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेली पहिली प्रत वाकडी निघाली. बदलून मिळाली, पण पाठपुरावा करावा लागला. बारा गाणी, अठ्ठेचाळीस मिनिटं, सगळं एकाच तबकडीवर. त्यामुळे प्रत्येक बाजू लांबलेली आहे, आणि शेवटचं 'स्ट्रीट स्पिरिट' सगळ्यात आतल्या खोबणीत जातं. तिथे सुईखालून खोबण सावकाश सरकते, बारकावे धूसर होतात. माझ्या साध्या सुईवर यॉर्कच्या 'स' ला शेवटी खरखर येते. पावसाळ्यात कव्हरला बुरशीही धरली. आता आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून कपाटात उभी ठेवतो.

त्या 'स्ट्रीट स्पिरिट'साठी मी डिजिटल फाइलच लावतो. गिटारची तीच एक आकृती सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरत राहते, भडका उडत नाही, फक्त मागचे गळे एकेक करून वाढतात. 'क्रीप'मध्ये जॉनीने ध्रुवपदाआधी गिटारला दिलेले ते दोन झटके सगळ्यांना पाठ आहेत. तसा झटका इथे एकही नाही, आणि जानेवारी १९९६ मध्ये हेच गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण 'सल्क' आणि त्या झांजांचा. रेडिओहेड नव्याने ऐकणाऱ्यांनी 'पाब्लो हनी' आधी ऐकायची गरज नाही, थेट इथून सुरुवात करा. तबकडीच हवी असेल तर आधी सुई बरी घ्या. सीडी स्वस्तात मिळाली तरी काही बिघडत नाही, फक्त तिच्यावर सहाव्या गाण्यानंतर उठून बाजू उलटायची आणि 'जस्ट'च्या पहिल्या ठोक्याआधी पुन्हा खुर्ची गाठायची घाई नसते, आणि ती घाई मला आता आवडायला लागली आहे.