मेंदूतला फुगा फुटल्यावर: ठाणे-नवी मुंबईतली उपचारसेवा कितपत भरवशाची?

शस्त्रक्रियेचा भाग चांगला, त्याआधीचे काही तास ढिसाळ आणि नंतरचे चौदा दिवस हॉस्पिटलागणिक वेगळे. ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या पट्ट्यात फुटलेल्या ब्रेन ॲन्युरिझमवर जी सेवा मिळते, तिच्याबद्दल आमचं मत असं आहे. ते का, आणि नातेवाइकांनी कुठे काय विचारावं, ते पुढे.

आधी एक घोळ मिटवू. कॅज्युअल्टीत ‘ब्रेन हॅमरेज’ म्हणतात तेव्हा बरेचदा बीपी वाढून मेंदूच्या आत झालेला रक्तस्राव असतो. ॲन्युरिझम म्हणजे धमनीला जिथे फाटा फुटतो तिथे भिंत कमकुवत होऊन आलेला फुगा. तो फुटला की रक्त मेंदूभोवतीच्या पाण्यात, सबॲरॅक्नॉइड जागेत पसरतं. दोन्हींचे उपचार वेगळे, धोके वेगळे, बिलही वेगळं. म्हणून पहिला प्रश्न हाच: सबॲरॅक्नॉइड आहे का?

निदानाची साधनं इथे भरपूर आहेत. ठाणे, वाशी, पनवेल स्टेशनांच्या आसपास सीटी स्कॅन कुठेही निघतो. चुकतं ते त्याआधी. काही सेकंदांत शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, सोबत उलटी आणि आखडलेली मान, एवढं असूनही मायग्रेन, ॲसिडिटी किंवा ‘मानेचा त्रास’ म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं जातं. दुसरी चूक जास्त महागात पडते. या रक्तस्रावाने ईसीजी बिघडतो, ट्रोपोनिनही (हृदयाला इजा झाल्याचं दाखवणारा रक्तातला घटक) वाढू शकतो. ते पाहून हार्ट अटॅक समजून ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि हेपारिन दिलं, तर फुटलेल्या नसेवर रक्त पातळ करणारी औषधं ओतल्यासारखं होतं. डोकेदुखीने सुरुवात झाली असेल, तर ईसीजी कसाही दिसो, आधी डोक्याचा सीटी.

दुखणं सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत चांगल्या मशीनवर काढलेल्या साध्या सीटीत हे रक्त बहुधा निसटत नाही. दिवस उलटतात तसं ते फिकट होतं. उशीर झालाय, सीटी स्वच्छ आहे आणि शंका मात्र आहे, अशा वेळी पाठीतून पाणी काढून तपासतात. तेही १२ तास उलटल्यावर, कारण रक्ताचा पिवळा रंग पाण्यात उतरायला तेवढा वेळ लागतो. सीटीत रक्त दिसलं की त्याच टेबलावर सीटी अँजिओग्राफी (डाय देऊन नसांचा स्कॅन) करून घ्यावी. इथली नेहमीची गळती हीच: साधा सीटी एका सेंटरवर, अँजिओ दुसऱ्या हॉस्पिटलात, मध्ये तीन-चार तास. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो न्यूरोसर्जनच्या फारसा उपयोगाचा नसतो. सेंटरकडून पूर्ण स्कॅनची सीडी किंवा लिंक मागून घ्या.

ही घाई कशासाठी? पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वांत जास्त असतो, त्यातही पहिल्या काही तासांत, आणि दुसऱ्यांदा फुटल्यावर बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. घोडबंदर रोडवर गायमुखला किंवा शिळफाट्याला अडकलेली ॲम्ब्युलन्स म्हणूनच जिवावर बेतते. निघण्याआधी तीन गोष्टी झालेल्या असाव्यात: सिस्टोलिक बीपी (वरचा आकडा) १६०च्या आत आणि तेही लॅबेटॅलॉलसारख्या थेंबाथेंबाने देता येणाऱ्या औषधाने (एकदम पाडलं तर मेंदूला रक्त कमी पडतं), उलटी आणि वेदना थांबवणारी औषधं, आणि शुद्ध हरपत असेल तर श्वासनळीत ट्यूब. रक्ताची गुठळी विरघळू न देणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड अजून कित्येक ठिकाणी सवयीने दिलं जातं. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अल्ट्रा’ चाचणीत त्याने रुग्णांची अंतिम स्थिती सुधारली नाही. १०८ची ॲम्ब्युलन्स मोफत आहे, पण व्हेंटिलेटरवरचा रुग्ण असेल तर गाडीत व्हेंटिलेटर आणि डॉक्टर आहेत का, हे फोनवरच विचारावं.

कुठे न्यायचं? सर्जनचं नाव विचारून फार काही कळत नाही. मुलुंड ते वाशीमधले बरेच न्यूरोसर्जन आणि इंटरव्हेन्शनिस्ट (नळीतून नसांवर उपचार करणारे डॉक्टर) दोन-तीन हॉस्पिटलांत जातात. त्यापेक्षा हे विचारा: कॅथलॅब (अँजिओग्राफीची खोली) रात्री दोन वाजता सुरू होते का? क्लिपिंग (कवटी उघडून फुग्याला क्लिप लावणं) आणि कॉइलिंग (नळीतून फुग्यात तारेच्या कॉइल भरणं) दोन्ही इथेच होतात का? वर्षाला अशा किती केसेस येतात? अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांत (२०१२) वर्षाला दहापेक्षा कमी केसेस पाहणाऱ्या हॉस्पिटलांनी रुग्ण पस्तीसपेक्षा जास्त पाहणाऱ्या केंद्रात पाठवावा असं म्हटलंय. एकच पद्धत येणाऱ्या ठिकाणी प्रत्येक फुगा त्याच पद्धतीला ‘योग्य’ निघतो, हे ध्यानात ठेवावं.

क्लिपिंगमध्ये कानाच्या पुढून कपाळाच्या कडेला कवटीचं झाकण काढतात. डोकं तीन पिनांच्या चिमट्यात पक्कं धरलेलं असतं. हाडाची आतली धार ड्रिलने घासतात, मायक्रोस्कोपखाली सिल्व्हियन फट (मेंदूच्या बाजूची नैसर्गिक खाच) उघडतात आणि फुग्याला हात लावण्याआधी त्याच्या अलीकडची धमनी ताब्यात घेतात. मग धमनीवर तात्पुरती क्लिप लावतात, फुग्याची मान सोडवतात आणि मानेवर टायटॅनियमची कायमची क्लिप बसवतात. तात्पुरती क्लिप मोजक्या मिनिटांपुरतीच, नाहीतर त्या धमनीच्या पलीकडच्या मेंदूला रक्ताचा तुटवडा पडतो. शेवटी आयसीजी हा हिरवा डाय शिरेतून देऊन फुगा पूर्ण बंद झाला का आणि शेजारची बारीक फांदी चिमटली नाही ना, हे पाहतात. ही खात्री न करता टाके घालणारं थिएटर आज चालणार नाही. मायक्रोस्कोपला आयसीजीची सोय आहे का, हे विचारायला लाजू नका.

कॉइलिंगमध्ये जांघेतून किंवा मनगटातून नळी मानेच्या धमनीपर्यंत आणि तिच्या आतून केसासारखी मायक्रोकॅथेटर फुग्यात नेतात. पहिली प्लॅटिनमची कॉइल फुग्याच्या व्यासाच्या जवळपास मापाची, तिने चौकट उभी राहते. मग लहान-लहान कॉइल भरत जातात. फुग्याची मान रुंद असेल तर तिच्या तोंडाशी, धमनीत, बलून फुगवून धरतात. मध्येच फुगा फुटला तर घाबरून कॅथेटर मागे ओढणं ही सर्वांत वाईट चूक. बलून फुगवायचा, कॉइलिंगसाठी दिलेल्या हेपारिनवर प्रोटॅमिनचा उतारा द्यायचा आणि पुढची कॉइल झटपट टाकायची. हृदयाच्या सिंगल-प्लेन कॅथलॅबमध्येही हे काम होतं, पण दोन कोनांतून एकाच वेळी दाखवणाऱ्या बायप्लेन मशीनवर वेळ आणि डाय दोन्ही वाचतात.

क्लिप की कॉइल? २००२च्या ‘आयसॅट’ चाचणीत २,१४३ रुग्ण होते. वर्षभराने मृत्यू किंवा परावलंबित्व कॉइलिंगनंतर २३.७ टक्के, क्लिपिंगनंतर ३०.६ टक्के. हा आकडा दाखवून ‘नवीन पद्धतच चांगली’ म्हणणाऱ्यांनी पुढचं वाक्यही वाचावं: त्यात घेतलेले रुग्ण दोन्ही पद्धतींना चालण्यासारखे होते आणि बहुतेक जण शुद्धीवर होते. मेंदूत रक्ताची मोठी गाठ साचली असेल किंवा फुगा मिडल सेरेब्रल (मेंदूच्या बाजूच्या) धमनीवर असेल, तर क्लिपिंगचं पारडं जड. बॅसिलर (मेंदूच्या मागच्या, खोलवरच्या) धमनीच्या टोकावरचा फुगा, वय जास्त, प्रकृती नाजूक, तर कॉइलिंग. स्टेंटची (धमनीत ठेवायच्या जाळीच्या नळीची) भाषा सुरू झाली तर थांबून कारण विचारा. स्टेंटबरोबर दोन-दोन रक्त पातळ करणारी औषधं येतात आणि ताज्या रक्तस्रावात ती जोखमीची असतात.

पैशांत मोठी तफावत इम्प्लांटमुळे पडते. क्लिप एक-दोन लागतात. कॉइल मात्र फुग्याच्या आकारानुसार वाढत जातात आणि प्रत्येकीचं बिल वेगळं. माप चुकल्याने उघडून परत काढलेली कॉइल कोणाच्या खात्यात, हे आधी लेखी घ्या. एस्टिमेटमध्ये आयसीयूचे किमान चौदा दिवस धरले आहेत का, हेही पाहा. ‘पॅकेज’ पाच दिवसांचं निघतं आणि भांडण सहाव्या दिवशी होतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता प्रति कुटुंब वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. अंगीकृत (योजनेत सामील) हॉस्पिटलात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाला, पहिल्याच दिवशी रेशनकार्ड आणि आधार द्या. कॉइलिंग पॅकेजमध्ये किती कॉइल बसतात, हे त्यालाच विचारा. कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नेरूळ आणि कामोठ्याची मेडिकल कॉलेजची रुग्णालयं हे पर्याय आहेत. गाडी वळवण्याआधी त्या रात्री न्यूरोसर्जरीचा कॉल कोण घेतंय, एवढं फोनवर पक्कं करा.

आता ऑपरेशननंतरचे दिवस. इथेच गुण सर्वांत जास्त कापले जातात. फुगा बंद झाला म्हणून नातेवाईक पेढे वाटतात आणि रक्तस्रावाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सांडलेल्या रक्तामुळे मेंदूच्या नसा आकसू लागतात. तिसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत हा धोका, साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी सर्वांत जास्त. काल बोलणारा रुग्ण आज शब्द शोधतो, एक हात मागे पडतो. ही खूण पहिल्यांदा नर्सलाच दिसते. म्हणून न्यूरो आयसीयूत रात्रपाळीला एका नर्सकडे किती रुग्ण, हा प्रश्न ऑपरेशन थिएटरच्या झगमगाटापेक्षा महत्त्वाचा.

नसा आकसण्याने होणारं नुकसान कमी करणारं औषध म्हणजे निमोडिपिन: ६० मिलिग्रॅम दर चार तासांनी, २१ दिवस. ३० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दिवसाला बारा, एकूण २५२. रात्री दोनचा आणि पहाटे सहाचा डोस झोपेच्या नावाखाली चुकतो. चार्टवर त्या वेळांपुढच्या सह्या बघा. बीपी पडतंय म्हणून औषध सरळ बंद करणंही चूक. आधी ३० मिलिग्रॅम दर दोन तासांनी असं विभागून देतात. सोडियम उतरलं की पाणी तोडायची जुनी सवय इथे घातक ठरते: मीठ लघवीतून वाहून जात असतं, पाणी तोडलं की रक्ताचं आकारमान घटतं आणि आकसलेल्या नसांमागचा मेंदू कोरडा पडतो. सलाईन चालू ठेवून, गरजेनुसार ३ टक्क्यांचं सलाईन देऊन सोडियम चढवतात. नस आकसून लक्षणं दिसली तर बीपी मुद्दाम वाढवतात, आणि त्यानेही भागलं नाही तर पुन्हा कॅथलॅबमध्ये नेऊन नसेत थेट औषध किंवा बलून. दुसऱ्यांदा कॅथलॅब लागू शकते, हे पहिल्या संमतीपत्राच्या वेळीच सांगणारं युनिट आम्ही वरच्या पंक्तीत धरतो.

डोक्यात पाणी साचलं तर मेंदूतून बाहेर नळी, ईव्हीडी, घालतात. पिशवीची उंची कानाच्या पातळीवरून मोजलेली असते. बेडची उशी वरखाली करताना, स्कॅनला नेताना नळी बंद केली नाही तर पाणी भसाभस वाहून जातं. वॉर्डबॉयलाही हे माहीत असलेलं युनिट बघूनच ओळखू येतं.

डिस्चार्ज पेपरात निमोडिपिनची शेवटची तारीख, फुग्याची जागा आणि माप, क्लिप किंवा कॉइलच्या पाकिटावरचे स्टिकर आणि एमआरआय चालेल की नाही हे लिहून घ्या. कॉइल भरली असेल तर सहा महिन्यांनी तपासणीची अँजिओग्राफी ठरवूनच घरी जा, कारण कॉइल दबून मानेकडून फुगा परत उघडू शकतो. थकवा, विसरभोळेपणा, चिडचिड महिनोन्‌महिने राहते. फिजिओथेरपीचा कागद बहुतेक ठिकाणी देतात, स्मृती तपासणाऱ्या न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे मात्र मागितल्याशिवाय कोणी पाठवत नाही.