सपाट कापड कटोरीवर बसत नाही: कॉन्व्हेक्स प्लेट, रिंग आणि पट्टा, तीन महिने वापरून

मी गिरगावात चाळीत राहते आणि एकोणतीस वर्षं ब्लाऊज शिवते. पोटावर शौचाची पिशवी लावावी लागणाऱ्यांच्या सामानाचं हे परीक्षण, पण पुढचं सगळं शिंपिणीचं बोलणं आहे हे ध्यानात राहावं म्हणून हे आधीच सांगून टाकते. डॉक्टरी सल्ला तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

जूनच्या शेवटी ऑपरेशन झालं. मोठ्या आतड्याच्या अगदी खालच्या टोकाची गाठ काढली, आणि आतला जोड भरून येईपर्यंत लहान आतड्याची एक घडी पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढून ठेवली. याला इलिओस्टॉमी म्हणतात, आणि पोटावर दिसणाऱ्या आतड्याच्या तोंडाला स्टोमा. शौच तिथून, पोटाला चिकटवलेल्या पिशवीत पडतं. घरी पाठवताना सपाट, वनपीस (कातडीला चिकटणारी प्लेट पिशवीलाच जोडलेली), खालून रिकाम्या करायच्या पाच पिशव्या दिल्या आणि एक छापील कागद. सिस्टरनी एकदा लावून दाखवलं तेव्हा मी अर्धी गुंगीत होते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण ऑपरेशन त्यांनी चांगलंच केलं.

पहिली पिशवी चार दिवस टिकली. दुसरी दोन. ऑगस्ट उजाडला तोवर रोज एक लागायला लागली, आणि दोनदा तर रात्री उठून दुसरी. वहीत लिहून ठेवलंय, ऑगस्टमध्ये तेहेतीस पिशव्या. आधी खाज सुटायची, मग चिमटा काढल्यासारखी आग, आणि मग गादीवर डाग. इलिओस्टॉमीतून येतं ते पातळ असतं आणि त्यात अन्न पचवणारा रस असतो, तो कातडीलाही सोडत नाही. स्टोमाभोवती माझी कातडी मिरची वाटलेल्या हातासारखी लाल झाली होती.

सगळ्यात वाईट दिवस मंगलदास मार्केटमधला. गौरीच्या ब्लाऊजांची घाई होती म्हणून अस्तर आणायला मुलाला घेऊन गेले. दुकानदार गाठोडं सोडत होता, आणि मला उजव्या कुशीतून काहीतरी कोमट खाली उतरताना कळलं. वास आला की नाही ते आजही माहीत नाही, पण त्या क्षणी अख्ख्या मार्केटला येतोय असं वाटलं. समोर होतं ते गडद जांभळं अस्तर दोन मीटर फाडून घेतलं, घडी करून कमरेभोवती परकरात खोचलं आणि टॅक्सी केली. टॅक्सीवाल्यानं काच खाली केली. पावसाळी उकाडा होता, कदाचित म्हणूनच केली असेल.

घरी उपाय सुरूच होते. कडेनं पांढऱ्या चिकटपट्ट्या मारायच्या. त्यानं काय होतं, तर गळायचं थांबत नाही, आतल्या आत साठतं आणि कातडी आणखी जळते. खाज सुटली की प्लेट काढायचीच, वर ठिगळ नाही, हे मला दोन महिन्यांनी समजलं. ठिगळ लावायची आयुष्यभराची सवय, दुसरं काय! जाऊबाईंनी तर मायेनं खोबरेल तेल लावून दिलं. आग थांबली, बरं वाटलं, आणि त्यावर लावलेली पिशवी तासाभरात पापडासारखी सुटून हातात आली. तेल, क्रीम, मऊपणाचे साबण, यातलं काही चालत नाही. साधं पाणी, आणि टिपून कोरडं करायचं. रगडायचं नाही.

पिशव्या संपल्या तेव्हा प्रिन्सेस स्ट्रीटला गेले, आम्हाला चालत जाण्यासारखं. दुकानाचं नाव नको. काउंटरवरच्या मुलाला ‘इलिओस्टॉमीची’ म्हटलं तर तो म्हणाला, ‘कोलोस्टॉमी बॅग ना?’ कोलोस्टॉमी म्हणजे मोठं आतडं बाहेर काढलेलं, पण बाजारात सगळ्यालाच कोलोस्टॉमी बॅग म्हणतात. त्यानं जे दिलं ती खालून बंद असलेली पिशवी निघाली. ती ज्यांना दिवसातून एकदा-दोनदा घट्ट होतं त्यांच्यासाठी, वापरा आणि फेका. मला दिवसातून सहा-सात वेळा रिकामी करावी लागते. उघडलेलं खोकं परत घेतलं नाही. तेव्हा दुकानात ‘ड्रेनेबल’, म्हणजे खालून रिकामी करता येणारी, हा शब्द वापरा, आणि खोकं फोडायच्या आधी पिशवीचं खालचं टोक बघा.

शेवटी मुलानं फोनाफोनी करून स्टोमा क्लिनिकची वेळ घेतली. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात असं क्लिनिक आहे, आणखीही काही मोठ्या रुग्णालयांत आहेत. ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईचीच. मी कुठे गेले ते महत्त्वाचं नाही, तिथल्या सिस्टरनी काय केलं ते सांगते.

त्यांनी माझी जुनी प्लेट काढली आणि फेकली नाही. उलटी करून उजेडात धरली. आम्हीसुद्धा कुणी ‘ब्लाऊज ओढतोय’ म्हणालं की आधी उलटी बाजू बघतो, शिलाई कुठे ताणली आहे ते तिथे दिसतं. प्लेटच्या चिकट बाजूला घड्याळाच्या चारच्या जागेवर फुगून विरघळलेली वाट पडली होती. गळती रोज तिथूनच होत होती. मी दोन महिन्यांत साठेक प्लेटा कागदात गुंडाळून टाकल्या आणि एकदाही उलटून पाहिलं नाही.

मग त्यांनी स्टोमा मोजला. घरी जाताना ३८ मिलिमीटर होता, आता २९. सूज उतरली की पहिल्या सहा-आठ आठवड्यांत तो लहान होत जातो, म्हणून दर आठवड्याला मोजायचा. खोक्यात भोकं पाडलेला पुठ्ठा येतो तो त्यासाठी. मी तो पुठ्ठा मुलाच्या पुस्तकात खूण म्हणून घातला होता. प्लेटचं भोक जुन्याच मापानं कापत होते, वर सवयीनं बोटभर माया, म्हणजे शिलाईला सोडतो तशी जास्तीची जागा, सोडत होते. सिस्टर हसल्या. म्हणाल्या, ‘मावशी, इथे माया दोन-तीन मिलिमीटरच. जास्त सोडलीत तर तेवढी कातडी उघडी पडते.’

आणि मग म्हणाल्या, ‘आता मशीनवर बसता तशा बसा.’

तोवर मला सगळ्यांनी आडवं झोपवूनच पाहिलं होतं. झोपल्यावर माझं पोट इस्त्री केल्यासारखं सपाट. स्टुलावर बसून पुढे वाकले, पाय पायडलवर असल्यासारखे ठेवले, तर स्टोमाच्या खालच्या अंगाला खोल चुणी पडली, बरोबर चारच्या जागी. शिवाय माझा स्टोमा बाहेर आलेला नाही, कातडीच्या पातळीला आहे. चांगला बाहेर आलेला असला की धार पिशवीत पडते. माझ्याकडे ती प्लेटखालीच शिरते, आणि पुढे चुणीची पन्हळ तयारच.

हे मला तिथल्या तिथे पटलं. सपाट कापड गोलाईवर बसवायचं तर टक्स घ्यावे लागतात, नाहीतर कटोरी कापावी लागते. जाड कापड घेऊन चुणी जात नाही. मी मात्र दोन महिने ‘जास्त चिकट पिशवी आहे का?’ एवढंच विचारत होते.

तर आता ज्याचं परीक्षण लिहायला बसले ते. कॉन्व्हेक्स बेसप्लेट, म्हणजे मधोमध कातडीकडे फुगीर असलेली प्लेट. ती स्टोमाच्या भोवतालची कातडी हलकेच आत दाबते, त्यानं स्टोमाचं तोंड वर येतं आणि चुणी भरते. टूपीस आहे, प्लेट वेगळी, पिशवी वेगळी, टिचकी वाजून बसणारी. सोबत मऊ रिंग, कणकेसारखी ओढून आकार देता येणारी, आणि कमरेला इलॅस्टिकचा पट्टा. कोलोप्लास्ट, होलिस्टर, कॉन्व्हाटेक, तिघांकडेही हा प्रकार मिळतो. मी कुठल्या कंपनीचं घेतलं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण तुमचं पोट माझं नाही. घेताना एवढं बघा की एका कंपनीची पिशवी दुसरीच्या प्लेटवर बसत नाही, आणि एकाच कंपनीत पन्नासच्या प्लेटला पन्नासचीच पिशवी लागते. आम्ही एकदा साठची आणली. ती अजून कपाटात आहे.

पहिल्या दिवशी प्लेट टिकली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी खाज सुटली नाही म्हणून मलाच भीती वाटली, काढून बघितली तर चिकट बाजू स्वच्छ. आता चौथ्या दिवशी बदलते, गळो न गळो. तीन महिन्यांत दोनदा गळली. एकदा पिशवी अर्ध्याच्या वर भरू दिली, ओल्या साडीच्या ओझ्यानं दोरीवरचा चिमटा सुटतो तसं झालं. तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची. दुसऱ्यांदा सार्वजनिक संडासात उकिडवी बसले आणि पोट दाबलं गेलं. आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, तोही बैठा. तेव्हापासून मोरीत छोट्या स्टुलावर बसून जुन्या डब्यात रिकामी करते आणि डबा नेऊन ओतते. सकाळच्या रांगेत डबा झाकून उभं राहायला पहिले आठ दिवस लाज वाटली. पाण्याचा मग घेऊन सगळेच उभे असतात म्हणा.

रिंगेबद्दल थोडं जास्त लिहिते. ती ओल शोषून फुगते आणि फट बुजवते. यात पेक्टिन असतं, जॅम घट्ट करणारं. सिस्टर म्हणाल्या की पूर्वी याच कामाला कराया डिंक वापरायचे. अमेरिकेत क्लीव्हलँडला रूपर्ट टर्नबुल नावाच्या सर्जनांनी १९५२ मध्ये तो पहिल्यांदा वापरला. त्याआधी तो कवळी बसवायच्या पावडरीत असायचा. मुलानं फोनवर झाडाचा फोटो काढून दाखवला, तर आमचा कांडोळ! माझं माहेर कर्जतकडचं. पांढऱ्याफटक बुंध्याचं झाड, लहानपणी संध्याकाळी त्या वाटेनं जायला घाबरायचो. त्याचा डिंक इथूनच परदेशी जायचा.

पूर्ण रिंग लावायची गरज मला पडत नाही. अर्धी कापते, दोन्ही टोकं निमुळती करते आणि चारच्या जागी बसवते. कातडी ओलसर असली तर आधी स्टोमा पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकून टाकायची. प्लेट लावायच्या आधी काखेत धरून कोमट करते, लावल्यावर तळहात दोन मिनिटं ठेवते. हे सगळं सकाळी चहाच्या आधी. तेव्हा आतडं शांत असतं. चहाचा घोट गेला की कारंजं सुरू. रात्री जेवण सातला, मऊ भात किंवा साबुदाण्याची पेज, त्यानं घट्ट होतं. केळ्यानंही होतं.

खर्च. ऑगस्टमधल्या तेहेतीस पिशव्या २८० रुपयांच्या भावानं ९,२४० रुपये, शिवाय वाया गेलेलं खोकं, टॅक्सी, दोन चादरी. आता महिन्याला आठ प्लेटा ४,४०० च्या, आठ पिशव्या १,७६० च्या, चार रिंगा १,२००. एकूण ७,३६०. स्वस्त मुळीच म्हणणार नाही. एवढ्या पैशांत मी पंचवीस साध्या ब्लाऊजांची शिलाई घेते. पण हिशेब करताना एका प्लेटची किंमत बघू नका, ती किती दिवस टिकली ते बघा.

तक्रारी आहेत. आधी दिलेली कडक, खोल प्लेट मला सोसली नाही, दोन दिवसांत स्टोमाच्या वर निळसर वळ उठला. परत गेले तेव्हा नरम आणि उथळ दिली, ती बसली. म्हणून सांगते, कॉन्व्हेक्स ऐकीव माहितीवर घेऊ नका. स्टोमाशेजारी हर्निया असला किंवा आतडं बाहेर सरकत असलं तर ती दुखापत करू शकते, सिस्टरना दाखवूनच घ्या. पिशवीचा प्लास्टिकचा चुरचुर आवाज देवळात ऐकू येतो. त्यावर मंगलदासच्या त्या जांभळ्या अस्तराची खोळ शिवली, मागून फट ठेवून. आवाज गेला, घामानं चिकटायचंही गेलं.

प्लेटला पाचपैकी साडेचार, रिंगेला पाच. पट्ट्याला अडीच. त्याची हुकं उत्तम आहेत, पण इलॅस्टिक दोन महिन्यांत लोंबायला लागलं, आणि नव्या पट्ट्याला पाचशे रुपये मागतात. मी ते उसवलं, परकराचं नाही, चांगलं विणलेलं इंचभर रुंदीचं इलॅस्टिक घातलं, चाळीस रुपयांत काम झालं. चाळीत कुणाला लागलं तर हुकं तेवढी घेऊन या.