माथेरानची मिनी ट्रेन मुलांसोबत: पूर्ण प्रवास की फक्त शटल?

मुलांना मिनी ट्रेन दाखवायची म्हणून माथेरानची सहल ठरते आणि पहिली चूक तिथेच होते. नेरळ ते माथेरान हे जेमतेम २१ किलोमीटर अंतर कापायला या गाडीला सुमारे दोन तास चाळीस मिनिटं लागतात. रूळ दोन फुटी, चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट, आणि डोंगराला वळसे घालणारी वळणं इतकी आवळलेली की ताशी वीस किलोमीटर म्हणजे वेगाची कमाल. १९०७ साली सुरू झालेल्या या मार्गाचं खरं कौतुक त्याच वळणांत आहे, पण ते मोठ्यांना. चार-पाच वर्षांचं मूल पहिला अर्धा-पाऊण तास खिडकीला चिकटून बसतं, बोगदा आला की ओरडतं, नंतर ‘अजून किती?’ सुरू होतं. डब्यात स्वच्छतागृह नाही, आणि जुम्मापट्टी, वॉटर पाइप इथले थांबे मुलाच्या सोयीने ठरत नाहीत. शिवाय नेरळहून दिवसाला मोजक्याच फेऱ्या, आणि पावसाळ्यात जून ते ऑक्टोबरच्या सुमारास हा टप्पा बंदच असतो.

एका दिवसात जाऊन यायचं असेल आणि मुलं आठ वर्षांच्या आतली असतील, तर अमन लॉज (डोंगरावरचं, माथेरानच्या अलीकडचं स्टेशन) ते माथेरान ही छोट्या अंतराची शटलच घ्यावी. तोच इंजिनाचा भोंगा, तसाच बुटका डबा, आणि वीसेक मिनिटांत प्रवास संपतो, म्हणजे कंटाळा यायच्या आत. दहा-बारा वर्षांच्या, रेल्वेचं वेड असलेल्या मुलासाठी मात्र नेरळची गाडी जरूर करावी; फक्त त्या दिवशी पॉइंट फार होणार नाहीत हे आधीच मान्य करून.

नेरळला कर्जत किंवा खोपोली लोकलने उतरावं. बदलापूर लोकल नेरळपर्यंत येत नाही, हे सकाळच्या घाईत बरेच जण विसरतात. स्टेशनबाहेर दस्तुरी नाक्याच्या, म्हणजे माथेरानच्या वेशीपर्यंतच्या, शेअर टॅक्स्या मिळतात. माणसं भरली की सुटतात. घाट लहान पण उभा आहे आणि मळमळ इथेच होते. निघण्याआधी भरपेट दूध-बिस्किटं देऊ नयेत, मुलाला खिडकीशी बसवून समोर लांबवर बघायला सांगावं, मोबाइल हातात देऊ नये. गाडी लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारूनच, आणि तीही घाट सुरू झाल्यावर नाही, अर्धा तास आधी.

दस्तुरीच्या पुढे खासगी गाड्यांना बंदी आहे. स्वतःची गाडी आणली तरी ती इथल्या पार्किंगमध्येच राहते. प्रवेशकर भरून अमन लॉज स्टेशन गाठायचं. शटलची खरी अडचण तिकिटांची. डबे लहान, जागा मोजक्या. शनिवार-रविवारी फेऱ्या वाढवतात, पण गर्दी त्याहून जास्त वाढते. सुट्टीच्या दिवशी साडेनवाच्या आत खिडकीवर पोचलं तर ठीक, अकरानंतर रांग अंगावर येते. एकाने रांगेत उभं राहावं, दुसऱ्याने मुलांना सावलीत बसवावं. तिकीट नाहीच मिळालं तर बाजारापर्यंत अडीच किलोमीटर चाल आहे; मोठ्यांना पाऊण तास, मुलांसोबत सव्वा तास धरा. ई-रिक्षाही आहेत, पण थोड्या. त्यांच्यावर विसंबून बेत आखू नये.

बाबागाडी आणूच नका. जांभ्याच्या लाल मातीत आणि दगडगोट्यांत तिची पुढची चाकं अडकतात. दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी पाठीवरची किंवा पोटाशी बांधायची पिशवी हवी. बूट खाचा असलेल्या तळव्याचे. उतारावर जांभ्याची खडी गोट्यांसारखी पायाखालून सरकते आणि गुळगुळीत तळव्याच्या सँडलने मूल हमखास बसकण मारतं. नोव्हेंबर ते मेमध्ये घोड्यांच्या टापांनी धूळ उडते. दमेकरी मुलाला मास्क द्या.

घोडा घ्यायचा असेल तर दर, पॉइंट आणि वेळ तिन्ही आधी ठरवा. लगाम धरून घोडेवाला चालत असेल तरच मुलाला बसवा, आणि रिकिबीत पाय नीट पोचतो का ते बघा. पाय लोंबकळत राहिले तर उतारावर तोल पुढे जातो.

पॉइंट ‘सगळे’ करायचे नाहीत. मुलांसोबत शार्लोट तलाव, लॉर्ड पॉइंट आणि इको पॉइंट हा एकाच बाजूचा फेरा पुरतो. वाटेवर झाडीची सावली आहे. तलाव गावाच्या पिण्याच्या पाण्याचा, त्यामुळे काठावरूनच बघायचा. इको पॉइंटला ओरडून झालं की मुलांचा दिवस वसूल. प्रबळगड समोर दिसणारा लुइसा पॉइंट सुरेख, पण कड्याजवळ पळणाऱ्या मुलाचा हात क्षणभरही सोडता येत नाही, म्हणून दोन मुलांमागे एकच मोठा माणूस असेल तर तो टाळा. पॅनोरमा पॉइंट उत्तर टोकाला आहे. एका दिवसाच्या सहलीत त्याचा मोह नको.

माकडं खाऊ ओळखतात, त्याहून जास्त प्लॅस्टिकच्या पिशवीची सळसळ ओळखतात. चिक्की दप्तराच्या आतल्या कप्प्यात, आणि मुलाच्या हातात उघडा पुडा अजिबात नको. झडप घातलीच तर ओढाताण न करता सोडून द्यायला मुलांना आधीच शिकवा. चावे अशा ओढाताणीतच बसतात.

पावसाळ्यात शटल चालू असते आणि माथेरान हिरवंगार, पण धुक्यात समोरची दरीच दिसत नाही. देखाव्यासाठीच जायचं तर ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी.

परतीचं नियोजन सकाळीच करा: शेवटच्या शटलची वेळ माथेरान स्टेशनवर उतरल्या उतरल्या पाहून ठेवा. शेवटच्याच गाडीवर सगळे तुटून पडतात, म्हणून तिच्या आधीची धरा. शेवटचीही चुकली तर रुळांलगतच्या वाटेने दस्तुरीपर्यंत चालत या. उजेड असताना ही वाट शटलइतकीच छान वाटते, अंधारात थकलेलं मूल कडेवर घेऊन नाही. आणि टॅक्सीत बसवण्याआधी बूट झाडून घ्या. ती लाल माती सीटला लागली की टॅक्सीवाला कुरकुरतो, कपड्यांना लागली की एका धुण्यात निघत नाही.