नांदूरमध्यमेश्वर की ममदापूर?

नाशिकहून पहाटे निघायचं, वन्यजीव बघायचे आणि संध्याकाळी घरी परतायचं, असा बेत असेल तर जिल्ह्यात दोन नावं हमखास पुढे येतात. पाण्यासाठी निफाडकडचं नांदूरमध्यमेश्वर, माळरानासाठी येवला तालुक्यातलं ममदापूर. दोन्ही पाहिलेलं नसेल तर आधी नांदूरला जा, असं माझं मत आहे. पण महिना बघून.

नांदूरला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळातला दगडी बंधारा आहे. नद्यांनी आणलेला गाळ त्याच्यामागे साचत गेला, पाणी उथळ झालं, मधे बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. पाणी साठवायच्या दृष्टीने हा तोटाच. चिखलात चोच खुपसून पोट भरणाऱ्या पक्ष्यांना मात्र आयतं ताट मिळालं. 1986 मध्ये अभयारण्य झालं आणि 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. चक्रवाक, हळदीकुंकू, चमचा, शराटी, करकोचे हिवाळ्यात एकाच फेरीत दिसू शकतात. जांभळ्या पाणकोंबडीसाठी तर जरा थांबाच. लांबलचक बोटांच्या पंजात ती देठ धरते, चोचीने सोलते आणि आतला गर सावकाश खाते. लहान मुलंसुद्धा गप्प बसून बघतात.

रोहित (फ्लेमिंगो) दिसतीलच असं मात्र धरून चालू नका. वरच्या धरणांतून पाणी सोडलं आणि पातळी चढली की त्यांना उभं राहायला उथळ जागाच उरत नाही. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत, स्थानिक गाइड मिळतात. गाइडचे पैसे वाचवू नका. त्यांच्या दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी, लांबचे पक्षी म्हणजे काळे ठिपके. आणि हो, थंडीची बातमी म्हटली की निफाडचा पारा असतोच, तेव्हा कानटोपी विसरू नका.

ममदापूरचा मामला वेगळा. इथे काळवीट बघायला यायचं. राखीव क्षेत्र सुमारे 54 चौरस किलोमीटर, पण कळपांना हद्द कुठली ठाऊक? ते शेतांतही चरताना दिसतात. पिळाच्या शिंगांचा काळाभोर नर मान ताठ करून उभा असतो, आसपास बिनशिंगाच्या फिकट तांबूस माद्या. एक बिचकली की सगळा कळप उड्या मारत पसार. गाडीत बसून राहिलात तर बराच वेळ बघायला मिळतं, पायी उतरलात की खेळ संपला. सावली नावाला नाही, पाणी घरूनच न्यायचं. कळप गेल्यावर तासभर नुसतं गवत बघायची तयारी नसेल, किंवा सोबत आजी-आजोबा असतील, तर हा दिवस जड जातो.

अंतराचाही फरक मोठा. नांदूर साधारण 40 किलोमीटर. येवल्यापर्यंतच 80 च्या वर, मग राजापूरच्या दिशेने आणखी पुढे. परतीच्या वाटेवर येवल्यात ‘नुसती बघू’ म्हणून पैठणीच्या दुकानात शिरलात तर खर्चाचा अंदाज माझ्याकडे मागू नका.

महिन्याचं गणित सोपं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाहुणे पक्षी पुरते आलेले नसतात आणि माळ हिरवागार असतो, तेव्हा ममदापूर. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी, नांदूर. एप्रिल-मेमध्ये ममदापूर टाळाच. पाणवठ्यापाशी गाडी लावून बसलं की तहानलेली हरणं जवळ येत नाहीत, ताटकळत राहतात.

बसून बघण्यापेक्षा पाय मोकळे करायचे असतील तर दोन्ही सोडा आणि त्र्यंबक रस्त्यावरची अंजनेरी गाठा. तिथे गिधाडं आहेत, पावसाळ्यात अंजनेरीचंच नाव मिळालेलं कंदीलपुष्प फुलतं. चढाई मात्र आहे.

नांदूर ठरलंच तर शक्यतो रविवार टाळा. नाहीच जमलं तर उजाडताना मनोऱ्यावर असा. दहानंतर पाण्यावरची तिरीप डोळ्यांवर येते आणि सहलीच्या गाड्याही तेव्हाच लागतात.