हॅमस्टरचा चिकटलेला डोळा: घरी पुसावा की डॉक्टरांकडे न्यावे?
सकाळी हॅमस्टरचा एक डोळा मिटलेला आणि पापणीच्या कडेला पिवळसर खपली दिसली, की दोन मार्ग असतात. वय झालेल्या हॅमस्टरचा डोळा झोपेत नुसताच चिकटला असेल, तर ०.९ टक्के सलाइन कोमट करून त्यात भिजवलेला कापूस मिनिटभर टेकवावा आणि खपली मऊ झाल्यावर हलक्या हाताने पुसावी. गुलाबपाणी मात्र नकोच. मुंबईच्या पावसाळ्यात दमट झालेला भुसाही डोळ्यांना चुरचुरतो, म्हणून तो त्याच दिवशी बदलावा.

डोळा दुसऱ्या दिवशीही चिकटला, पू आला किंवा बुबुळ धुरकट दिसले, तर घरगुती उपाय थांबवावा. डॉक्टर रंगाचा थेंब घालून निळ्या प्रकाशात पाहतात, तेव्हा एरवी न दिसणारा ओरखडा हिरवा चमकतो. अशा ओरखड्यावर माणसांचे उरलेले स्टेरॉइडयुक्त थेंब घातल्यास जखम चिघळते. माझा कल म्हणूनच लवकर दाखवण्याकडे आहे. डोळा खोबणीतून बाहेर आला असेल, तर तो सलाइनने ओला ठेवून तातडीने निघावे. मात्र मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात किंवा अन्यत्र जाण्यापूर्वी हॅमस्टर तपासणारे डॉक्टर हजर आहेत का, हे फोनवर विचारून घ्यावे.