दादाच्या आंब्यांची वेबसाइट आणि कोडशिवाय साइट बनवणारं टूल

माझ्या मावसभावाची देवगडजवळ हापूसची कलमं आहेत. यंदा पेट्या थेट गिऱ्हाइकाला विकायच्या म्हणून दादाने कोड न लिहिता वेबसाइट बनवता येते अशा एका टूलचा वर्षाचा प्लॅन घेतला. मग मला फोन. "तू त्यातलीच आहेस ना, जरा नीट करून दे." पुण्यात नऊ वर्षं वेब डेव्हलपर आहे मी. पूर्ण हंगाम या टूलशी झगडून हे लिहितेय.

पहिलं पान दादाने एकट्याने एका संध्याकाळी उभं केलं. होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा), एसएसएल (सुरक्षित जोडणी) काही बघावं लागलं नाही. डझनाचा भाव तो बागेत उभ्या उभ्या फोनवरून बदलतो. एवढं टूलला द्यायलाच हवं.

माझं डोकं फिरलं ते मथळ्यावर. टेम्प्लेट इंग्रजीसाठी आखलेलं, त्यात दोन अक्षरांमध्ये दोन पिक्सेल मोकळे. रोमन लिपीला ते शोभतं, देवनागरीत मात्र शिरोरेषाच तुटते. 'देवगड हापूस' हे शब्द फुटून पडल्यासारखे दिसत होते. ओळीची उंची इतकी कमी की वेलांटी आणि रफार वरून कापले जात. सीएसएसच्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडच्या, दोन ओळींचं काम: लेटर-स्पेसिंग शून्य, लाइन-हाइट दीड. पण उत्पादनाच्या पानावर ते बदलायची सोय नाही, आणि स्वतःचं सीएसएस टाकायचं तर वरचा प्लॅन घ्या! मराठी धड दिसावी म्हणून जादा पैसे? मला याचा अजून राग येतो.

दादाने तेही भरले. पुढे पिनकोडवर अडलं. तो फक्त मुंबई, ठाणे आणि पुण्याला पेट्या पाठवतो, लांबच्या प्रवासात फळ टिकेल याची त्याला खात्री नसते. त्यामुळे पैसे घेण्याआधी पिनकोड तपासायला हवा. मी कोड लिहिला, पण टूल तो वेगळ्या आयफ्रेममध्ये, म्हणजे पानाच्या आत बसवलेल्या स्वतंत्र चौकटीत, चालवतं. आयफ्रेम दुसऱ्या डोमेनवरची (वेब पत्त्यावरची) असल्याने ब्राउझर तिला बाहेरच्या ऑर्डर फॉर्मला हात लावू देत नाही. नागपूरच्या एका काकूंनी दोन पेट्यांचे पैसे भरले. दादाला फोन करून माफी मागावी लागली, पैसेही परत केले.

वेगाचं विचाराल तर, पानावरचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा हा गूगलचा निकष. माझ्या फोनवर सहा लागले. न वापरलेल्या स्लायडरच्या (सरकत्या चित्रांच्या) स्क्रिप्टही लोड होतात आणि त्या काढता येत नाहीत.

सोडून जायचं म्हटलं तर उत्पादनांची सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) मिळते, पानं मिळत नाहीत. डोमेन मात्र मी हट्टाने दुसरीकडे, दादाच्या नावावर घ्यायला लावलं होतं. ते वाचलं.

नुसती माहिती आणि फोन नंबर द्यायचा असेल तर पाचपैकी चार. मराठीतून माल विकायचा असेल तर दोन. मोहोर धरायच्या आत दादाची नवी साइट मी हाताने लिहून देणार आहे, पिनकोडचा रकाना सगळ्यात आधी.