टेक्निकच्या ठोकळ्यांचं घड्याळ: गिअर पास, लंबक काठावर

लेगो टेक्निकच्या भागांतून वजनावर चालणारं, लंबकाचं घड्याळ उभं राहतं आणि वेळही बरी दाखवतं. मोटर लागत नाही, सेल लागत नाही. मात्र कुठलाही तयार संच घेऊन ते होणार नाही, भाग सुटेच घ्यावे लागतात. आणि घड्याळ अडतं ते बहुतेक वेळा गणितापायी नव्हे, घर्षणापायी.

गिअरांना पैकीच्या पैकी गुण. दात्यांची संख्या भागिले दोन म्हणजे मिलिमीटरमधली त्रिज्या, आणि बीमची, म्हणजे भोकं असलेल्या पट्टीची, भोकं 8 मिमी अंतरावर. त्यामुळे 8 आणि 24 दात्यांची जोडी बरोबर दोन भोकांवर बसते, 8 आणि 40 ची तीन भोकांवर. 8 आणि 16 ला दीड भोक लागतं. तिथे अर्ध्या अंतराने सरकलेली भोकं असलेला दोन भोकांचा छोटा ठोकळा कामी येतो.

सगळा हिशेब एस्केप चाकापासून सुरू होतो, म्हणजे लंबकाच्या प्रत्येक फेरीला एकेक दाता पुढे सरकणाऱ्या चाकापासून. 12 दाते ठेवले तर सेकंद काट्याची सोय होते, पण त्यासाठी 30 अंशांचे कोन हवेत आणि टेक्निकचे कोनी जोडक 22.5 अंशांच्या पटीत येतात. 135 अंशांचे आठ जोडक आखूड ॲक्सलांनी (दांड्यांनी) जोडले की मात्र अचूक अष्टकोन तयार होतो. त्यांच्या मधल्या भोकांत पिना घातल्या की त्याच चाकाचे आठ दाते. हे कडं मध्यावर नेमकं बसलंच पाहिजे. अर्धा मिलिमीटर जरी सरकलं, तरी काही पिना अँकरमधून (लंबकाबरोबर हलत दाते आळीपाळीने अडवणाऱ्या आकड्यातून) निसटतात आणि काही अडकून बसतात.

लंबकाची जाऊन-येऊन एक पूर्ण फेरी एका सेकंदाची धरा, म्हणजे लांबी सुमारे 24.8 सेंमी. आठ पिनांचं चाक आठ सेकंदांत फिरतं, म्हणून तासाच्या ॲक्सलपर्यंत (तासाला एक फेरी घेणाऱ्या) 450 चं गुणोत्तर हवं: 5×5×3×3×2. त्यासाठी 8 दात्यांचे पाच, 40 चे दोन, 24 चे दोन आणि 16 चा एक गिअर लागतो. पाचच टप्पे, त्याहून जास्त नकोत. स्क्रूसारख्या वर्म गिअरने टप्पे वाचवायचा मोह होतो, पण त्याला भिडलेलं चाक त्याला फिरवू शकत नाही. वजनाने चाललेल्या गिअरांच्या साखळीत तो म्हणजे ब्रेकच.

वजनाची दोरी 24 मिमी व्यासाच्या रिळावर गुंडाळून रीळ थेट तासाच्या ॲक्सलवर बसवलं, तर वजन ताशी साडेसात सेंमी खाली येतं. सव्वा मीटर उंची मिळाली तर सोळा तास निघतात. एक किलोपासून सुरुवात करा, गरज पडली तर दोनपर्यंत जा. या ॲक्सलला दोन्ही बाजूंनी जवळ आधार हवा. नाहीतर तो हळूहळू वाकतो, गिअर लांब जातात आणि ओझ्याखाली दाते उड्या मारतात. दोरीऐवजी टेक्निकची साखळी वापरू नका, एवढ्या वजनाला तिचे दुवे उघडतात.

एस्केपच्या ॲक्सलवरचं घर्षण रिळापर्यंत पोचेतो 450 पट झालेलं असतं. म्हणून बुश, म्हणजे ॲक्सल जागेवर धरणाऱ्या कड्या, कधीही बीमला घट्ट दाबायचे नाहीत, कागद सरकेल एवढी फट ठेवायची. तेल नको, त्यात धूळ चिकटते. हवीच तर ग्राफाइटची चिमूटभर कोरडी पूड. जुळणी झाल्यावर अँकर काढून ठेवा आणि रिळाला हलकं वजन लावा. सगळी चाकं आपोआप सुटून पळाली पाहिजेत. कुठे अडली तर दोष तिथेच शोधा, वजन वाढवून तो झाकू नका.

काटे जुळवायला पांढरा 24 दात्यांचा, जोर वाढला की घसरणारा क्लच गिअर आहे, त्यावर 2.5 ते 5 न्यूटन-सेंमी असं छापलेलंच असतं. एक किलोचं वजन या रिळावर सुमारे 12 न्यूटन-सेंमी जोर लावतं. म्हणून क्लच मुख्य साखळीत घातला तर तो नुसता घसरत राहील. तासाच्या ॲक्सलवर साधा 24 चा गिअर, त्याला क्लच भिडवा आणि मिनिट काटा क्लचच्या ॲक्सलवर लावा.

तास काट्यासाठी 12 चं गुणोत्तर लागतं. नेहमीच्या घड्याळात ते 3×4 असं दोन जोड्यांत होतं, पण चारची जोडी इथे भोकांवर बसत नाही. मग 2×2×3. तीन जोड्या झाल्या की तास काटा उलटा फिरतो, म्हणून मध्ये एक 16 चा गिअर नुसता दिशा बदलायला घाला. एकाच केंद्रावर दोन काटे आणण्याची खटपट टाळून तासांची छोटी तबकडी वेगळी करावी, दिसायलाही ती छान दिसते.

राहिला लंबक, आणि इथे प्लास्टिक तोकडं पडतं. एबीएस, म्हणजे लेगोचं प्लास्टिक, तापलं की लांबतं: 10 अंशांच्या फरकाने घड्याळ दिवसाला साधारण 35 सेकंद मागे पडतं. पिनांनी जोडलेला दांडा प्रत्येक सांध्यावर थोडा हलतो आणि झोक्याची ताकद खातो. शुद्ध ठोकळ्यांचा हट्ट नसेल तर दांडा लाकडी घ्या. लंबक टांगायला भोकातला ॲक्सल नको, अधिक चिन्हासारख्या ॲक्सलची एक धार गुळगुळीत टाइलवर टेकवा.

लांबीत 1 मिमी बदल म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन मिनिटं, त्यामुळे गोळा वरखाली करून बारीक जुळवणी जमत नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर घड्याळात (बिग बेन) लंबकावर जुनी पेनी नाणी ठेवतात, एका नाण्याने ते दिवसाला 0.4 सेकंद पुढे जातं. तीच युक्ती इथे करा. घड्याळ मुद्दाम थोडं मागे राहील एवढा गोळा खाली ठेवा आणि दांड्याच्या मध्यावर एकेक चिमुकली प्लेट चढवत जा. टिक आणि टॉक यांतलं अंतर सारखं ऐकू येत नसेल, तर त्याआधी अँकर सरळ करा. लंगड्या चालीचं घड्याळ काही मिनिटांत थांबतं, मग प्लेटा कितीही चढवा.